व्हील बेरिंग गेलंय की एक्सेल? आवाजावरून कसं ओळखायचं आणि दुरुस्तीत काय बघायचं : जुन्या डिझेल गाडीसाठी संपूर्ण माहिती

घरात दहा-बारा वर्षं जुनी डिझेल गाडी असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. गाडी पळायला लागली की खालून "गूंऽऽ" असा आवाज येतो, स्पीड वाढला की तोही वाढतो, आणि घरात कुणी म्हणतं टायर, कुणी म्हणतं गिअरबॉक्स. आमच्याकडे अगदी हेच झालं. त्यात एक चांगला एक्सेल विनाकारण बदलला गेला आणि पैसे वाया गेले. तसं तुमचं होऊ नये म्हणून व्हील बेरिंग आणि एक्सेल म्हणजे काय, दोघांचे आवाज वेगळे कसे ओळखायचे, त्यात मोबाईलची मदत कशी होते आणि दुरुस्ती करताना कशावर लक्ष ठेवायचं, हे सगळं एका जागी लिहितोय.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, मेकॅनिक नाही. पण डीबगिंगचा एक नियम गाडीलाही लागू पडतो: चूक कुठे आहे हे सापडल्याशिवाय कोड बदलायचा नाही.

आमच्या गाडीचं काय झालं?

आमचं घर चिंचणीला, डहाणू तालुक्यात. गाडी २०१२ची स्विफ्ट डिझेल. बाबा ती रोज बोईसरला नेतात, कधी वाणगाव स्टेशनला, आणि मुंबईला जायचं झालं तर चिल्हार फाट्यावरून हायवेला लागतात. गेल्या पावसाळ्यानंतर गाडी गुणगुणायला लागली. बाबांनी त्यावर साधा उपाय काढला, रेडिओचा आवाज वाढवला!

मी सुट्टीला घरी आलो तेव्हा आजोबांना डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुंबईला न्यायचं होतं. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या वर प्रवास, तोही ट्रकच्या गर्दीत. म्हणून आदल्या आठवड्यात गाडी एका गॅरेजमध्ये दाखवली. एक चक्कर मारून निदान झालं, "उजवा एक्सेल गेलाय." एक्सेल बदलला, बिल भरलं, आणि घरी येताना तोच आवाज, तसाच. दोष होता डाव्या बाजूच्या बेरिंगमध्ये.

व्हील बेरिंग आणि एक्सेल : दोघांचं काम काय?

आधी नावं समजून घेऊया. गॅरेजमध्ये ज्याला "एक्सेल" म्हणतात तो पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ड्राइव्ह शाफ्ट असतो. तो गिअरबॉक्समधून निघतो आणि इंजिनची ताकद चाकापर्यंत पोहोचवतो. चाक वर-खाली होतं, डावी-उजवीकडे वळतं, तरी शाफ्ट फिरत राहायला हवा. म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट असतात, गिअरबॉक्सकडचा आतला आणि चाकाकडचा बाहेरचा. फोर्ड कंपनीतले इंजिनिअर अल्फ्रेड रझेप्पा यांनी १९२०च्या दशकात शोधलेला छर्ऱ्यांचा जॉइंट आजही बहुतेक गाड्यांच्या बाहेरच्या टोकाला असतो. जॉइंटवर घड्या असलेलं रबरी आवरण असतं, त्याला बूट म्हणतात. त्यात ग्रीस भरलेलं असतं.

व्हील बेरिंगचं काम वेगळं आहे. गाडीचं वजन उचलून धरायचं आणि तरीही चाक अलगद फिरू द्यायचं. बेरिंगला दोन रिंगा असतात, आतली आणि बाहेरची. त्यांच्या मधल्या गुळगुळीत वाटेवरून छर्रे फिरतात. वाटेवर बारीकसा खड्डा पडला की प्रत्येक छर्रा तिथून जाताना आपटतो, आणि ते आपटणं आपल्याला गुणगुण म्हणून ऐकू येतं.

थोडक्यात, एक्सेल ताकद पोहोचवतो आणि बेरिंग वजन पेलतं. दोघांच्या आवाजातला फरक याच गोष्टीतून येतो.

जुन्या डिझेल गाडीत हा त्रास जास्त का?

आमच्या स्विफ्टमधलं १२४८ सीसीचं इंजिन मूळ फियाटच्या मल्टिजेट डिझाइनचं. हेच डिझाइन डिझायर, रिट्झ, फियाट पुंटो, टाटा इंडिका व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांत होतं. स्विफ्टमध्ये त्याचा टॉर्क १९० न्यूटन-मीटर आणि तो २००० आरपीएमलाच मिळतो. त्याच गाडीच्या पेट्रोल इंजिनचा टॉर्क ११५च्या आसपास, तोही दुप्पट आरपीएमला. म्हणजे डिझेलमध्ये क्लच सोडताच जॉइंटवर मोठा जोर येतो. शिवाय डिझेल इंजिन जड, त्यामुळे पुढच्या बेरिंगवर वजनही जास्त.

मारुतीने एप्रिल २०२०पासून डिझेल गाड्या बनवणं थांबवलं. त्यामुळे आता रस्त्यावर दिसणारी प्रत्येक स्विफ्ट डिझेल जुनीच आहे, आणि तिचे हे पार्ट झिजायच्या वयात आलेत.

समुद्राजवळ राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. खारी हवा लोखंडाला गंज आणते हे सगळ्यांना माहीत आहे. पण रीलसाठी किनाऱ्यावर गाडी घालून लाटेत चाकं भिजवणं त्याहून वाईट. चालून आलेलं बेरिंग गरम असतं. ते एकदम थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून खारं पाणी आत ओढलं जातं. ग्रीस खराब होतं, गंज धरतो आणि काही महिन्यांनी गुणगुण सुरू होते. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात जोरात गेलं तर धक्का आणि पाणी, दोन्ही एकदम बसतात.

आवाजावरून ओळखा

* सलग गुणगुण, स्पीडप्रमाणे वाढणारी: बेरिंग किंवा टायर.
* रस्ता बदलला की बदलणारा आवाज: डांबरीवर कमी आणि सिमेंटच्या रस्त्यावर जास्त येत असेल तर टायर. बेरिंगला रस्त्याशी फारसं देणंघेणं नसतं.
* पूर्ण स्टिअरिंग वळवून गाडी उचलताना "कट-कट-कट": बाहेरचा सीव्ही जॉइंट.
* अॅक्सिलरेटर दिल्यावर थरथर, सोडल्यावर बंद: बहुतेक वेळा आतला जॉइंट.
* रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं: बूट फाटलाय. आवाज नसला तरी लगेच बघा.

आमच्या गाडीत कट-कट नव्हती, थरथर नव्हती आणि बूटही धड होते. फक्त गुणगुण होती. म्हणजे एक्सेलवर संशय घ्यायला काही कारणच नव्हतं! हे मला आधी माहीत असतं तर मी तिथेच विचारलं असतं.

मोबाईलने तपासणी कशी करायची?

आता आपल्या आवडीचा भाग. फायफॉक्स नावाचं मोफत अॅप आहे. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात ते तयार झालं. फोनचे सेन्सर वापरून विज्ञानाचे प्रयोग करायला ते बनवलंय. त्यात "ऑडिओ स्पेक्ट्रम" हा पर्याय आहे. आवाजात कोणती फ्रिक्वेन्सी किती जोरात आहे याचा ग्राफ तो दाखवतो.

महत्त्वाचं: गाडी चालवणाऱ्याने फोनला हात लावायचा नाही. शेजारी दुसरी व्यक्ती हवी आणि रस्ता मोकळा हवा. आम्ही पहाटे गेलो. बाबा चालवत होते, फोन माझ्याकडे होता. काचा बंद, एसी बंद, रेडिओसुद्धा बंद.

१. दोन स्पीड, एक गिअर. आधी ४० आणि मग ६०च्या स्पीडला रेकॉर्ड करा. स्पीड दुसऱ्या फोनच्या जीपीएसवर बघा, कारण गाडीचा काटा थोडा जास्त दाखवतो. ग्राफमधलं टोक दीडपट सरकलं तर आवाजाचा संबंध स्पीडशी आहे. आमच्याकडे ते साधारण ५९ हर्ट्झवरून ८८वर गेलं.

२. एक स्पीड, दोन गिअर. स्पीड तोच ठेवून आधी तिसऱ्या आणि मग चौथ्या गिअरमध्ये रेकॉर्ड करा. इंजिनचे फेरे बदलतात, चाकाचे नाही. टोक जागेवर राहिलं तर इंजिन सुटलं. आमचं टोक हललं नाही.

३. थोडं गणित. आमचा टायर १६५/८० आर१४. त्याचा घेर सुमारे १.९५ मीटर. ६०चा स्पीड म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला साधारण साडेआठ वेळा फिरतं. बेरिंगच्या एका ओळीत १२ ते १४ छर्रे धरले आणि बाहेरच्या रिंगेवर खड्डा असेल, तर सेकंदाला ४० ते ५० ठोके बसतात. फोनचा माइक इतका खालचा आवाज नीट पकडत नाही, पण त्याची दुप्पट बरोबर दिसते. ८८चं निम्मं ४४. आकडा जुळला!

एक सावधगिरी सांगतो. टायरचा आवाजही स्पीडप्रमाणेच सरकतो. त्यामुळे या ग्राफने इंजिन बाद होतं, पण टायर आणि बेरिंग यांतला निकाल लागत नाही. त्यासाठी मी दोन वेगळ्या प्रकारच्या रस्त्यांवर रेकॉर्ड केलं. टोक दोन्हीकडे तेवढंच उंच आलं. तेव्हा टायरही सुटला.

डावं की उजवं?

इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. खालच्या पट्टीतला आवाज बंद गाडीत कुठून येतोय हे कानाला कळत नाही. उजवीकडे बसलेल्या ड्रायव्हरला तो उजवीकडून आल्यासारखा वाटू शकतो.

उपाय सोपा आहे. मोकळ्या रस्त्यावर ४०च्या स्पीडला, जिथे रस्ता मोठं वळण घेतो तिथे आवाज ऐका. गाडी उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकांवर जातं, डावीकडे वळताना उजव्या चाकांवर. ज्या बाजूवर वजन आल्यावर आवाज वाढतो, त्या बाजूचं बेरिंग संशयित. आमचा आवाज उजव्या वळणावर वाढत होता आणि डाव्या वळणावर जवळजवळ गायब होत होता. म्हणजे डावं बेरिंग.

मग गाडी बोईसरच्या एका जुन्या मेकॅनिक काकांकडे नेली. मी ग्राफ दाखवायला गेलो तर ते हसले. "तू फोन ठेव खिशात, आधी हात लाव इथे," म्हणाले. त्यांनी चाक जॅकवर उचलून खाली स्टँड लावला आणि मला शॉकअपच्या स्प्रिंगवर बोटं ठेवायला सांगितली. मग हाताने चाक फिरवलं. उजव्या बाजूला काहीच लागलं नाही. डाव्या बाजूला स्प्रिंगमधून बोटांना बारीक खरखर जाणवली, वाळू दळल्यासारखी. माझ्या दोन तासांच्या ग्राफचं उत्तर त्यांनी अर्ध्या मिनिटात दिलं.

त्यांनी आणखी एक युक्ती सांगितली. उचललेलं चाक वर आणि खाली धरून हलवा. हललं, तर कुणालातरी ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर दोष बेरिंगचा, तरीही हलत राहिलं तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट बघा.

बेरिंगची दुरुस्ती होते का?

नाही. खड्डा पडलेलं बेरिंग नवं ग्रीस भरून बरं होत नाही, फक्त काही दिवस गप्प बसतं. ते बदलावंच लागतं. आजकाल दोन प्रकार दिसतात. एकात बेरिंग हबसकट येतं आणि बोल्टने बसतं. दुसऱ्यात बेरिंग नकलमध्ये प्रेसने दाबून बसवतात. आमच्या गाडीचं पुढचं बेरिंग प्रेसवालं. हे काम घरी करण्यासारखं नाही. पण क्रम माहीत असेल तर समोर उभं राहून बघता येतं.

१. चाक जमिनीवर असतानाच हबचा मधला नट सैल करतात. मग गाडी उचलून स्टँडवर ठेवतात. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणीही जायचं नाही.

२. ब्रेकचा कॅलिपर काढून तारेने टांगतात. तो ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवायचा नाही.

३. डिस्क, टाय रॉड एन्ड आणि बॉल जॉइंट सोडवून एक्सेल मागे सरकवतात आणि नकल बाहेर काढतात. खाऱ्या हवेतल्या गाडीत सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, कारण सगळं गंजून घट्ट बसलेलं असतं.

४. प्रेसवर हब वेगळा होतो. लॉक काढून जुनं बेरिंग निघतं. आतली रिंग अनेकदा हबवरच चिकटून राहते, ती पुलरने काढतात.

५. नवं बेरिंग नकलमध्ये बसवताना जोर फक्त बाहेरच्या रिंगेवर द्यायचा. नंतर हब बसवताना खालून आतल्या रिंगेला आधार द्यायचा.

पाचवा मुद्दा लक्षात ठेवाच. चुकीच्या रिंगेवर जोर दिला किंवा हातोड्याने ठोकलं, तर तो जोर छर्ऱ्यांमधून जातो आणि नव्या बेरिंगच्या वाटेवर पहिल्याच दिवशी खड्डे पडतात. "नवीन टाकलं तरी दोन महिन्यांत पुन्हा आवाज" या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं. म्हणून काम देण्याआधी विचारा, "प्रेस आहे का?" नसेल तर नकल लेथवाल्याकडे नेऊन प्रेस करून आणता येतं.

६. हबचा नट शक्यतो नवाच घ्या. तो टॉर्क रेंचने, ब्रेक दाबून धरून, मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याप्रमाणे आवळतात. आकडा गाडीप्रमाणे बदलतो. अंदाज हवा असेल तर २०० न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला साधारण २० किलो वजन टांगल्याइतका जोर. नट ढिला असताना गाडी ढकलायचीसुद्धा नाही, कारण बऱ्याच गाड्यांत बेरिंगच्या रिंगांना हाच नट घट्ट धरून ठेवतो.

एबीएस असलेल्या गाडीत अनेक बेरिंगच्या एका बाजूला सेन्सरसाठी चुंबकीय पट्टी असते. बेरिंग उलटं बसलं तर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो. त्यामुळे बाजू तपासूनच बसवायला सांगा.

एक्सेल खरंच गेला असेल तर?

* फक्त बूट फाटलाय आणि आवाज नाही: बूट, क्लिप आणि ग्रीस बदला. हे सगळ्यात स्वस्त काम आहे आणि वेळेत केलं तर जॉइंट वाचतो. सीव्ही जॉइंटला काळं मॉली ग्रीस लागतं, साधं बेरिंगचं ग्रीस चालत नाही.
* कट-कट आवाज सुरू झाला: बाहेरचा जॉइंट बदला. बऱ्याच गाड्यांना तो वेगळा मिळतो, पूर्ण एक्सेल घ्यायची गरज नसते.
* शाफ्टचे दाते झिजले किंवा शाफ्ट वाकला: पूर्ण एक्सेल बदला. वेल्डिंग करून वापरू नका. तो भर रस्त्यात तुटू शकतो.
* एक्सेल गिअरबॉक्समधून काढला की गिअर ऑइल सांडतं. त्याचं सील बदललं का आणि ऑइल पुन्हा भरलं का, हे विचारून घ्या.

डुप्लिकेट बेरिंग कसं ओळखायचं?

बेरिंगमध्ये नकली माल भरपूर येतो. फक्त छपाई बघून ओळखणं कठीण आहे, कारण डबा हुबेहूब असतो. इथेही फोन कामाला येतो. एसकेएफचं "ऑथेंटिकेट" आणि एफएजी बनवणाऱ्या शेफलर कंपनीचं "ओरिजिनचेक" अशी अॅप आहेत. बेरिंगवरचा किंवा डब्यावरचा कोड आणि फोटो घेऊन त्यांतून पडताळणी करता येते. दुकानातच, पैसे द्यायच्या आधी तपासा. बिल घ्या आणि जुनं बेरिंग मागून घ्या. आमचं जुनं बेरिंग मी घरी आणलंय. हातात धरून फिरवलं की अजूनही खरखरतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आवाज करणारं बेरिंग घेऊन किती दिवस गाडी चालवता येईल?
याला ठराविक उत्तर नाही. म्हणूनच वाट बघू नका. ते गरम होत जातं, चाक डुगडुगायला लागतं, आणि शेवटी बेरिंग जाम होऊ शकतं किंवा तुटू शकतं. चाकात प्ले असेल तर गाडी हायवेवर अजिबात नेऊ नका.

दोन्ही बाजूंची बेरिंग एकदम बदलावीत का?
गरज नाही. जे खराब आहे तेच बदला. दुसऱ्या बाजूची खरखर मात्र त्याच दिवशी तपासून घ्या.

बेरिंग बदलल्यावर अलाइनमेंट करायची का?
नकल काढताना शॉकअपचे किंवा टाय रॉडचे बोल्ट उघडले असतील, तर हो.

दहा वर्षं झालेल्या डिझेल गाडीवर खर्च करून उपयोग आहे का? ती बंदच होणार ना?
दहा वर्षांचा तो नियम दिल्ली-एनसीआर भागासाठी आला होता. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे आरटीओत तपासणी करून ५-५ वर्षांसाठी ती वाढवता येते. गाडीची बॉडी आणि इंजिन चांगलं असेल, तर एका बेरिंगसाठी ती मोडीत काढायची गरज नाही.

गॅरेजला जाण्याआधी लिहून ठेवा

आवाज कोणत्या स्पीडला येतो, कोणत्या वळणावर वाढतो, क्लच दाबल्यावर बदलतो का आणि रस्ता बदलल्यावर बदलतो का. ही चार उत्तरं फोनच्या नोट्समध्ये लिहा, शक्य असेल तर रेकॉर्डिंगही ठेवा. "आवाज येतोय, बघा जरा" असं सांगितलं की पार्ट अंदाजाने बदलले जातात. ही चार उत्तरं हातात असली की मेकॅनिक नेमक्या चाकापासून सुरुवात करतो. आम्ही विनाकारण बदललेला एक्सेल बेरिंगच्या कितीतरी पट महाग पडला. ही चार उत्तरं आधी असती तर तो खर्च वाचला असता.

बेरिंग बदललं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तीच टेस्ट पुन्हा घेतली. ८८ हर्ट्झचं टोक नाहीसं झालं होतं. चार दिवसांनी आजोबांना घेऊन मुंबईला गेलो. चिल्हार फाटा ओलांडल्यावर बाबांनी सवयीने रेडिओ वाढवला. मागून आजोबा म्हणाले, "अरे कमी कर, आता ऐकू येतंय सगळं."